बेटाची उजवी बाजू

सोलापूरच्या माणसाला समुद्र तसा परकाच. आमच्याकडे पाणी म्हणजे तळं, नाहीतर नळ. आणि नळही चार-पाच दिवसांनी एकदा येणारा पाहुणा. मी आयुष्यात समुद्र पाहिला तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात धरून. तरीही गेल्या हिवाळ्यात मी एका बेटावर राहून आलो. तिकीट लागलं नाही, बॅग भरावी लागली नाही. ज्या खुर्चीत बसून मी टॉवेल-चादरींची डिझाईनं काढतो, त्याच खुर्चीतून गेलो आणि तिथेच परत आलो.

बेट कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं आहे. विमान समुद्रात पडतं, एकच माणूस वाचतो, लाटा त्याला किनाऱ्यावर टाकून जातात. पुढे जगायचं कसं, ते खेळणाऱ्यानं बघायचं. माझ्या वयाच्या लोकांनी हा मुलूख पाहिलेला नसतो. मुलं तिथे तासन् तास असतात आणि आपण बाहेरून ओरडत असतो. मीही बाहेरचाच होतो. कसा गेलो, काय खाल्लं, कुठे बुडालो ते सांगतो. का गेलो, हेही सांगणार आहे. तेवढं सांगायला मात्र मला वेळ लागेल.

निघण्याचं निमित्त

आमच्या भागात खंडेनवमीला माग बंद असतात. कापसाचा भुगा झाडायचा, तेलपाणी करायचं, मागाला झेंडूची माळ घालायची आणि नारळ फोडायचा. माझ्याकडे माग नाहीत. मी कारखानदारांना डिझाईनं करून देतो, म्हणून मी कॉम्प्युटरची पूजा करतो. त्या दिवशी बाहेरून पुसून झाल्यावर म्हटलं, आतूनही साफ करू. जुनी, नापसंत झालेली डिझाईनं काढून टाकली. त्या सफाईत एक फोल्डर गेला. सणाला घरात केर नको म्हणून कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. म्हणजे आता काही परत येण्यासारखं राहिलं नाही.

त्या फोल्डरमध्ये वैष्णवीचं बेट होतं.

वैष्णवी माझी मुलगी. कॉलेजची सगळी वर्षं ती या खेळात एक बेट वसवत होती. सुरुवातीला मला बोलवायचीसुद्धा. आम्ही तेलुगू, बायको सुमन मंद्रूपची, मराठी घरातली. त्यामुळे मुलगी आईशी मराठी बोलते, माझ्याशी तेलुगू. स्टूल पुढे ओढून म्हणायची, "रा नान्ना, कूर्चो." ये बाबा, बस. मी म्हणायचो, वेळ नाही, आणि चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभाच राहायचो. तो स्टूल पुढे कपडे ठेवायला वापरात आला.

कॉलेज संपल्यावर तिनं सांगितलं की तिला खेळांतली चित्रं करायला शिकायचंय, पुण्यात. मी बँकेच्या परीक्षांच्या क्लासची चौकशी करून ठेवली होती. भांडण झालं. त्यात मी म्हणालो, "एक दिवस ते बेट पुसूनच टाकतो, बघ." ती पुण्याला गेली. माझ्यावर रागावली की ती माझ्याशी मराठीत बोलायला लागते. या वेळी तर मराठीतही बोलली नाही, निरोप आईमार्फत.

खंडेनवमीच्या संध्याकाळी तिचा फोन आला. सुमननं स्पीकरवर टाकला.

"आई, पूजा झाली का? नान्नांना सांग, कीबोर्डवर कुंकू सांडू नका. मागच्या वर्षी शिफ्टचं बटण चिकटलं होतं."

"सांगते की."

"आणि माझं बेट तेवढं सांभाळा म्हणावं. गड्ड्याला आले की बघते."

सुमननं भुवया उडवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सांग, सांभाळतो."

फोन ठेवल्यावर मी सुमनला सांगितलं, की साफसफाईत ते चुकून गेलं.

"मग तसंच सांगा तिला. चुकून गेलं म्हणून."

"पटेल तिला?"

सुमननं पूजेतला नारळ उचलला आणि आत खोवायला नेला. 

संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, तोच आमचा गड्डा. वैष्णवी तेव्हा येणार होती. मी ठरवलं, त्याच्या आत बेट होतं तसं उभं करायचं. एकदा बघितलेली चादर मी दुसऱ्या दिवशी कागदावर चौकटीन् चौकट उतरवतो. बेट काय मोठंसं! खेळातलं पहिलं बेट सगळ्यांना एकच मिळतं, हेही कळलं. तीच वाळू, तेच दगड, तीच झाडं. फक्त तिचं घर त्यावर नव्हतं.

किनारा

उतरल्या उतरल्या डोळ्यांत भरतो तो निळा रंग. आमच्या रंगखान्यात नव्या रंगाचं सूत पहिल्या पाण्यातून काढतात, तेव्हा ते असं दिसतं. दुसऱ्या धुण्यात इतका निळा टिकत नाही; तिथे टिकतो. वाळू पांढरी, वारा सतत. दुपार झाली की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येते: ऊन लागतंय, सावलीत जा. मला हसू आलं. सोलापूरच्या मे महिन्यात भर दुपारी मी सायकलवर कापडाचा गठ्ठा बांधून फिरलोय. मी त्याला, म्हणजे त्या वाचलेल्या माणसाला, उन्हातच चालवला. तो भोवळ येऊन पडला. तिथलं ऊन आपलं नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा नारळाचा. तहानेचा पट्टा झपाट्यानं खाली येत होता. समोर नारळ पडलेले. मी एक उचलला, दगडाजवळ गेलो आणि फोडला. छान दोन शकलं झाली. तहान होती तिथेच. दुसरा फोडला. तिसराही. मागून सुमन आली. तिच्या हातात निवडायची मेथी होती.

"काय करायलाव ओ?"

"पाणी पितोय."

"ते सगळं वाळूत चाललंय की! आदी भोक पाडून प्यायचं, मग फोडायचा. पूजेला बसलाव व्हय तितं?"

खरंच. नारळ हातात आला की फोडायचा, पाणी जमिनीला, खोबरं प्रसादाला. जन्मभर हात तेच करत आलेला. नारळ हे आधी पाण्याचं भांडं आहे, हे त्या हाताला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी भोवती फोडलेल्या नारळांचा ढीग घेऊन तहानेनं मेलो. पडदा काळा झाला. खेळ पहिल्यापासून.

पाणी आणि शनिवार

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो, जरा जास्तच. तिथे गोडं पाणी मिळवायची एक युक्ती आहे: खड्ड्यावर रुंद पानं पसरायची, खाली करवंटी ठेवायची, पानांवरचं पाणी थेंब थेंब खाली उतरतं. एका माणसाला एक खड्डा पुरतो. मी ओळीनं खणत गेलो. बुडालेल्या जहाजाचे पिंप वाहत आले, तेही भरून ठेवले. घर अजून बांधायचं होतं. पिंप दाराशी लागतील अशा जागी आधीच मांडून ठेवले. आमच्या घरी नळाला पाणी आलं की सुमन दुधाच्या पातेल्यापर्यंत सगळं भरून ठेवते. मी बेटावर तेच करत होतो. कोण जाणे, उद्या पानांना आलं नाही तर?

खाण्याचं म्हणाल तर खेकडे, मासे आणि नारळ. खेकडा किनाऱ्यावर तिरपा पळतो, त्याच्यामागे काठी घेऊन आपणही तिरपे पळतो. भाजला की फुलका टम्म फुगल्यासारखा आवाज येतो. तिखट-मीठ काही नाही. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेला माणूस. तो अळणी मासा पडद्यावर बघतानाही माझ्या तोंडात पाणी सुटेना.

शनिवारी माझा उपास असतो. त्या शनिवारी दुपारी बसलो आणि बराच वेळ लाकडं तोडली. एकाएकी तो माणूस धापा टाकायला लागला, पडद्याच्या कडा लाल झाल्या. सुमन डोकावली.

"काय झालं त्याला?"

"उपाशी आहे."

"मासा वाळत टाकलाय की तितं. द्या की खायला."

"शनिवार आहे."

सुमन दाराला टेकून हसली. एवढं हसताना मी तिला वैष्णवी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "उपास तुमचा हाय. त्या बिचाऱ्याचा काय संबंध? विमानातनं पडलाय त्यो!"

मी त्याला मासा दिला. माझं सोडून दुसऱ्याच्या भुकेकडे बघायला मला कुणीतरी सांगावं लागतं, हे तेव्हा मनात येऊन गेलं. पण लाकडं बरीच राहिली होती, मी कामाला लागलो.

दुसरं बेट

घराला चांगल्या फळ्या हव्या होत्या आणि त्या समोरच्या बेटावर होत्या. त्यासाठी तराफा. ओंडके वेलींनी बांधायचे, वर शीड उभं करायचं. गाठी मारण्याचं काम मला जमलं. सुताशी आमच्या पिढ्यांची ओळख आहे. वल्हवायला मात्र मी अगदीच कच्चा. पहिल्या दिवशी बेटाला गोल फेरी मारून निघालो तिथेच आलो. जमिनीवरून सरळ दिसणारी वाट पाण्यावर सरळ राहत नाही. वारा बाजूनं ढकलतो आणि नाक किंचित वाऱ्याकडे ठेवावं लागतं. चार-सहा दिवसांच्या दुपारी त्यात गेल्या.

समोरचं बेट उंच होतं, काळ्या दगडाचं, वर पक्ष्यांचा कलकलाट. तिथून मागे पाहिलं तर आमचं बेट तव्यावरच्या पोळीएवढं दिसत होतं. फळ्या भरून परत निघालो आणि मधल्या खोल पाण्यात तराफ्याखालून सावली गेली. शार्क. एक धडक, तराफा तिरपा, फळ्या पाण्यात. मी खुर्चीत पाय वर घेतले. सुमननं ते पाहिलं, पुढे आठवडाभर ती मधल्या खोलीत, कॉम्प्युटरपाशी येताना विचारायची, "पाय खाली ठिवू का, का हाय मासा?"

एका दुपारी शीड दुरुस्त करून पुन्हा गेलो, पुन्हा आणल्या. घराचे खांब उभे राहिले. आणि त्याच दुपारी, छताची शेवटची पानं बसवत असताना लाईट गेली.

त्या खेळात किनाऱ्यावरच्या पानांच्या झोपडीत, किंवा घर झाल्यावर घरात, झोपलं तरच तोवरचं काम जतन होतं. मी घाईत झोपलोच नव्हतो. लाईट आल्यावर बघितलं, तर खांबही नाहीत, फळ्याही नाहीत. शीड दुरुस्त करून निघालो होतो, बेटावरच्या त्या सकाळी परत पोचलेलो.  माझं गेलं होतं एका दुपारचं काम. तरी वाटलं, कुणीतरी घरात शिरून गेलंय. आणि तिच्या बेटात तर तिची कॉलेजची सगळी वर्षं होती.

सुमननं चहा आणून ठेवला. "गेलं?"

"गेलं."

"मग बसा परत."

बसलो. त्यानंतर लाईट गेली, शार्क आला, तो माणूस विंचू चावून तापानं फणफणला, तरी मी थांबलो नाही. सकाळी कारखानदारांची डिझाईनं, जेवण झालं की बेट. घर उंच खांबांवर होतं, तसं केलं. पुढे पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, त्याही केल्या. मासे वाळवायची दोरी, उपडी घातलेली होडी, सगळं जिथल्या तिथे. किनाऱ्यावर दिव्यांचे खांब होते हे आठवत होतं, पण कुठून कुठपर्यंत ते नक्की नव्हतं. सुमनला म्हटलं, फोनवर सहज विचार.

सहज विचारणं सुमनला जमत नाही. "वैशू, तुझ्या त्या बेटावर दिवे कुटं कुटं हायत गं?"

"तुला कशाला दिवे?"

"असंच की. संक्रांत आली, दिव्यांचं आठवलं."

"संक्रांतीला कुठले दिवे, आई?"  मग म्हणाली, "घराच्या दारापासून पाण्यापर्यंत. दुसऱ्या बेटावरून यायला उशीर झाला तर घर दिसावं म्हणून." आणि थोड्या वेळानं, "नान्ना बघायलेत का?"

"कदीमदी."

"बघू दे. हात लावू नका म्हणावं."

त्या दिवशी दुपारी मी दिवे लावले. दारापासून पाण्यापर्यंत.

निघायचं का?

डाव्या बाजूची झाडी तशीच ठेवली होती. तिथलं मला काहीच आठवेना, म्हणून हात घातला नाही. उजवीकडचं मात्र संपलं. मग मी लांबच्या बेटांवर जाऊन आलो आणि एका बुडालेल्या जहाजात होडीला बसेल असं इंजिन सापडलं. ते बसवल्यावर पडद्यावर प्रश्न आला. इंग्रजीत होता, अर्थ असा: निघालात तर सुटका होईल, पण या बेटावर परत येता येणार नाही. नक्की निघायचं?

खाली दोन बटणं. हो आणि नाही.

हा प्रश्न मला आधी एकदा भेटला होता. आता तेच सांगायचंय.

खंडेनवमीला फोल्डर पुसताना कॉम्प्युटरनं हेच विचारलं होतं: नक्की? आणि फोल्डरचं नाव समोर होतं. इंग्रजी अक्षरांत, ठळक: वैष्णवीचं बेट. मी ते वाचलं होतं. चष्मा डोळ्यांवर होता. मुलगी मला विचारल्याशिवाय निघून गेली, महिनोन् महिने बोलत नाही, आणि तिची ही जागा माझ्याच यंत्रात ऐसपैस बसलीय, असा राग मनात होता. मी 'हो' दाबलं. मग कचऱ्याची टोपली रिकामी केली ती केर नको म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होईल हे मला त्याच क्षणी माहीत होतं, आणि तेव्हा परत आणायला काही सापडू नये, म्हणून. सणाचं निमित्त मी नंतर लावलं. सुमनला 'चुकून' म्हणालो. तुम्हालाही वर तसंच सांगितलं.

होडीपाशी उभा राहून मी 'नाही' दाबलं. होडी पुन्हा उपडी घातली आणि घरात जाऊन झोपलो. काम जतन झालं.

गड्डा

वैष्णवी आली. पाया पडली, तब्येत विचारली, मराठीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ती कॉम्प्युटरपुढे बसली. मी दाराशी उभा राहिलो, नेहमीच्या जागी, तिच्या खुर्चीमागे.

बेट उघडलं. खेळात ती घराच्या दारात होती. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि दाराशी मांडलेली पिंपांची रांग बघून थांबली.

"नान्ना, बेटावर पण पाणी चार दिवसांनी सोडायलेत का?"

मला हसू येणार होतं. पण तिनं मागे वळून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "हे माझं नाही. माझं कुठाय?"

"मी पुसलं."

स्वयंपाकघरातून सुमन हात पुसत आली. "चुकून गं वैशू. पूजेच्या येळी साफ करताना—"

"चुकून नाही," मी म्हणालो. "नाव वाचून पुसलं. मग हे बांधायला घेतलं."

सुमन माझ्याकडे बघत राहिली. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. वैष्णवी उठली, ओढणी घेतली आणि आईला म्हणाली, "चल, काठ्या बघायला जायचंय ना." दोघी काठ्यांची, म्हणजे यात्रेतल्या नंदीध्वजांची, मिरवणूक बघायला गेल्या. जाताना सुमन एवढंच म्हणाली, "मला तरी खरं सांगायचं की ओ." संध्याकाळी भाकरी, भोगीची उरलेली भाजी, सगळं वाढलं गेलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मधल्या खोलीत आलो तर ती आधीच खुर्चीत होती. मी दाराशी थांबलो. ती घरातून निघाली, पायऱ्या उतरली, एकेका दिव्याजवळून पाण्यापर्यंत गेली, परत वर आली.

"दिवे बरोबर आहेत," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "होडी उपडी असायची हे पण लक्षात आहे तुमच्या."



मग ती डावीकडे वळली. तिथे नुसती झाडी. ती आत चालत गेली, कडेपर्यंत जाऊन आली. "इकडं काहीच केलं नाही?"

"तिकडचं मला माहीत नव्हतं."

"इतकी वर्षं मागं उभे राहायचात की. रोज. चहा घेऊन."

"राहायचो," मी म्हणालो. "पण डाव्या बाजूला तुझं डोकं यायचं."

 पडद्यावर तहानेचा पट्टा खाली यायला लागला, तरी तिनं त्या माणसाला पाणी पाजलं नाही. मग तिनं पाय लांब करून भिंतीकडचा स्टूल ओढला, त्यावरचे कपडे पलंगावर टाकले आणि तो स्टूल खुर्चीच्या डाव्या बाजूला, टेबलाला टेकवून ठेवला.

"रा नान्ना," ती म्हणाली. "कूर्चो."

मी बसलो. तिथून पडदा पुरा दिसत होता. तिनं कुऱ्हाड घेतली आणि डावीकडच्या पहिल्या झाडावर घाव घातला.